एकाहत्तर टक्के परशुराम

जानकी पाताडेचा चेहरा जानकी पाताडेचा नाही, असा निकाल गेल्या दिवाळीत एका मोबाईलने दिला. तेव्हापासून बाईच्या डोक्यात जो गोंधळ शिरलाय, तो बाहेर पडायचं नाव घेत नाही.

आता मोबाईलला असले न्यायनिवाडे करायचा अधिकार कोणी दिला, ते मला विचारू नका. जानकीने नांदगावकडच्या एका फॅक्टरीत तीस वर्षं काजू फोडले. काजूच्या टरफलात तेल असतं, काळं, चिकट आणि महापाजी. हाताला राख लावा, एरंडेल चोपडा, ते कातडी खाल्ल्याशिवाय राहत नाही. तिच्या दहाही बोटांचे ठसे गुळगुळीत झाले आणि रेशनच्या दुकानात अंगठा लागेनासा झाला. दुकानदार म्हणाला, "काकी, घाबरू नका, आता चेहऱ्यावर होतं." त्याने मोबाईल तिच्या तोंडासमोर धरला. डोळे मिटा, उघडा, परत मिटा. रांगेतल्या बायाबापड्यांसमोर जानकीने तेरा वेळा डोळे मिचकावले. आयुष्यात नवऱ्यापुढेसुद्धा तिने कधी एवढे मिचकावले नव्हते. मोबाईलने तेराही वेळा सांगितलं, चेहरा जुळत नाही.

गालावर तेल उडून पडलेले डाग, मोतीबिंदूनंतरचा जाड चष्मा, आणि कार्डावरचा फोटो पंधरा वर्षांपूर्वीचा. कारणं सगळी होती. पण जानकीला कारणांशी काय करायचं? तिने एकच विचारलं, "मगे मी कोण?"

दुकानदाराने वहीत सही घेऊन तांदूळ दिले.

जानकी अठ्ठावन्न वर्षांची. नवरा सात वर्षांमागे वारला. मुलगा निलेश दोडामार्गाला राहतो आणि रोज गोव्यात कामाला जातो. त्यामुळे ती चार वर्षांपूर्वी वायंगवण्याला माहेरी येऊन राहिली, आईजवळ. आईला मुलीपासून पोस्टमनपर्यंत सगळे अक्काच म्हणतात. अक्काचं वय ब्याऐंशी, जीभ मात्र विशीतली. तिची एक जुनी खोड होती. जानकी सासरहून आली की अक्का तिला उंबऱ्याच्या अलीकडेच थांबवायची. "थांब थंयच. उजेडात ऱ्हव." मग तिच्या डोक्यावरचा पदर मागे सारायची, हनुवटीला धरून तोंड निरखायची, आणि त्यानंतरच पाण्याचा तांब्या पुढे यायचा. सासरी पोटभर घालतात की नाही ते बघते, असं जानकी धरून चालली होती.

अक्काला दोन मुलं. एक ही जानकी, आणि तिच्या पाठचा परशुराम. घरात परशो.

हा परशो गावच्या दशावतारी कंपनीत स्त्रीपार्टी होता. दिवसा भाताच्या पेंढ्या वाहणारा माणूस तोंडाला रंग लावून, नऊवारी नेसून राणी म्हणून उभा राहिला की बायका पदर तोंडाला लावून बघत बसायच्या. पदर असा घ्यायचा, मान अशी कलती करायची, डाव्या कोपऱ्यात ओठ दाबून असं हसायचं, की बघणाऱ्याने म्हणावं, मेल्याने सोंग काय आणलंय! गावाला कौतुक होतं. पण एक्याण्णवच्या वैशाखात जानकीचं लग्न ठरलं आणि नवऱ्याकडचा एक काका चहाची बशी खाली ठेवत म्हणाला, "मुलीचो भाऊ लुगडा नेसान नाचता म्हणे?" तेवढंच म्हणाला तो. पण चोवीस वर्षांच्या मुलीला तेवढंच पुरे असतं. त्याच संध्याकाळी विहिरीवर तिने परशोला गाठलं आणि तोंडाला येईल ते बोलली. "शिरा पडो तुज्या त्या नाचार! माज्या लग्नात माका तुजा तोंड दाखव नको!"

परशो ओठ दाबून हसला, कळशी उचलली आणि गेला. लग्नाच्या दिवशी तो घरात नव्हता. त्यानंतर कधीच नव्हता.

कोणी म्हणालं मुंबईस गेला, कोणी म्हणालं फोंडाघाट चढून कोल्हापूरला एका नाटकवाल्याकडे लागला, कोणी नदीकडे बोट दाखवलं. विहिरीवर काय बोलणं झालं ते जानकीने कोणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही, आईला तर नाहीच. चौतीस वर्षं ते तिने पोटात ठेवलं. काजू फोडताना, भात लावताना, मुलाला पाजताना ते तिथेच असायचं.

अक्काने मात्र परशोला मेला असं कधी मानलं नाही. दरवर्षी जत्रेच्या आधी ती देवीला कौल लावायची. देवळात जयराम गुरव देवीच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायचा, एक उजवीकडे, एक डावीकडे, आणि गाऱ्हाणं घालायचा, "बा माये, ह्या लेकराचो झील खंय आसात थंय जित्तो आसात तर उजवो कौल दी." बाकीचे म्हणायचे, "व्हय म्हाराजा." उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. तेहतीस वर्षं उजवीच पडली.

यंदा पडलीच नाही! सकाळी नऊला लावलेल्या पाकळ्या दुपारी एकपर्यंत पाषाणाला चिकटून. जयराम जेवून आला तरी तशाच. दुसऱ्यांदा लावल्या, तर दोन्ही एकदम खाली आल्या.

"म्हणजे काय रे जयरामा?" जानकीने विचारलं.

जयरामने डोकं खाजवलं. सत्तर वर्षांचा माणूस, उभा जन्म देवीच्या पायाशी गेलेला. तो म्हणाला, "खरा सांगू? माका पण कळना नाय. देवीच्या मनात दोन्ही आसा."

हे ऐकल्यावर अक्काने अंथरूण धरलं. पेजेचे दोन घोट घ्यायची आणि वाटी सरकवायची. "आसा काय नाय, येवढाच कोणीतरी माका सांगा," ती म्हणायची. "मगे मी जावक मोकळी." जानकी तिच्या उशाशी बसायची आणि तिला वाटायचं, ही गेली की मी ते कोणापुढे बोलणार? परशो सापडला पाहिजे आणि हिच्या डोळ्यांदेखत सापडला पाहिजे. माफी मागायची वेळ निघून चालली होती, आणि ज्याची मागायची तो माणूसच नव्हता.

अशात जत्रा कमिटीने नवीन टूम काढली. कमिटीचा सेक्रेटरी धनेश, चाळिशीचा, मुंबईहून परत आलेला. त्याच्या हातात माईक आला की देवीसुद्धा कान झाकून घेत असेल. त्याने पुण्याच्या कुठल्याशा कंपनीकडून चेहरे ओळखणारे कॅमेरे आणवले. चार दारांवर, ओटीच्या दुकानांवर, रांगेवर, रस्त्यांवर. जत्रेत हरवलेल्या माणसाचा फोटो द्यायचा, आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक तोंडाशी मशीन तो ताडून बघणार. शाळेच्या एका वर्गात केंद्र उघडलं, बाहेर पाटी लागली, दारावरही एक कॅमेरा लागला.

अक्काला हे समजलं तसं ती अंथरुणातूनच म्हणाली, "देवीक कळना नाय तर त्या मशिनीक इचार."

जत्रेच्या सकाळी आठला जानकी केंद्रात हजर. टेबलामागे शर्मिष्ठा नावाची कंपनीची इंजिनियर बसली होती. बाई तिशी ओलांडलेली, मूळची मालवणचीच, वडील शिक्षक. पण कामावर असल्यामुळे छापील मराठी बोलत होती.

"नाव?"

"परशुराम."

"कधीपासून हरवलेत? सकाळपासून?"

"एक्याण्णव सालापासून."

शर्मिष्ठाचं पेन थांबलं. जानकीने पिशवीतून फोटो काढला. दशावताराला आलेल्या कोणा मुंबईकराने काढून पाठवलेला. राणीच्या वेषातला परशो, नथ, कुंकू, ओठ डावीकडे दाबलेले.

"काकू, हा बाईचा फोटो आहे."

"बाईचो खंयचो? तोच तो. स्त्रीपार्टी होतो."

"साधा फोटो नाही का?"

"शाळेतलो होतो. तो वाळवीन खाल्ल्यान."

शर्मिष्ठाने कपाळाला हात लावला, पण नाही म्हणाली नाही. फोटो मशीनमध्ये घातला, पुरुष असं लिहिलं, वय चौतीस वर्षांनी वाढवून दे असं सांगितलं. मग समोरच्या बाईचा चेहरा बघून तिला राहवेना. "काकू, फार आशा ठेवू नका. मशीन चेहरा बघत नाही. दोन डोळ्यांत अंतर किती, नाकाचं हाड कसं, हनुवटी केवढी, असे शेकडो आकडे काढतं आणि दुसऱ्याच्या आकड्यांशी ताडतं. हाच तो, असं ते कधीच म्हणत नाही. एवढे एवढे टक्के सारखा, म्हणतं."

"म्हणजे कौलच."

"तसंच समजा. आणि जत्रेला लाखभर माणूस येणार. दर दहा हजारांत एकदा जरी ते चुकलं, तरी संध्याकाळपर्यंत दहा परशुराम होतील."

"धा?" जानकीने आ वासला. "चवतीस वर्सां एक गावना नाय, आणि आता धा?" मग थोडा विचार करून ती म्हणाली, "चलात. धातलो एक तरी आमचो आसतलो."

शर्मिष्ठाने तक्रारीची सात नंबरची चिठ्ठी लिहून दिली आणि जानकी दुसऱ्या दारातून जत्रेत शिरली. खण, नारळ, तांदूळ अशी ओटी घेतली आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

मशीन काही अगदीच टाकाऊ नव्हतं, हेही सांगायला हवं. दहाच्या सुमारास दोडामार्गची तीन वर्षांची एक पोर आईचा हात सुटून हरवली. मशीनने ती चौथ्या मिनिटाला गुळातल्या खाज्याच्या दुकानामागे शोधून दिली. धनेशने माईकवर अशी काही कौतुकं केली की पोरगी दचकून आणखी रडायला लागली. दुसरीकडे फोंडाघाटचा एक म्हातारा हरवला होता. त्याच्या घरच्यांनी 'हरवले आहेत' म्हणून त्याच्या फोटोचा मोठा बॅनर चौथ्या दाराशी लावला. मशीनला तो लगेच सापडला. नव्व्याण्णव टक्के, चौथं दार. स्वयंसेवक धावत गेले, तर बॅनर! परत आले, परत मशीन वाजलं, नव्व्याण्णव टक्के, चौथं दार, माणूस जागचा हललेला नाही. सात वेळा धावल्यावर कोणालातरी बॅनर उतरवायचं सुचलं. म्हातारा एसटी पकडून कधीच घरी गेला होता आणि मटार उसळ खात बसला होता.

जानकी रांगेत होती. पुढे वीसेक माणसं उरली, देवीचा मुखवटा दिसायला लागला, आणि कर्ण्यातून धनेश गरजला.

"भाविकांनो! आनंदाची बातमी! चौतीस वर्षांपूर्वी हरवलेले आपल्या गावचे सुपुत्र परशुराम जत्रेत सापडलेले आहेत! नातेवाईकांनी ताबडतोब केंद्रावर यावे! मी पुन्हा सांगतो, परशुराम सापडलेले आहेत!"

अख्खी रांग ओरडली, "व्हय म्हाराजा!"

मागची बाई म्हणाली, "बाये, आता रांग सोडलंस तर परत मधी घेवचंय नाय हां." जानकीने ते ऐकलंसुद्धा नाही. ओटी हातात तशीच धरून ती दोराखालून वाकून बाहेर पडली आणि अठ्ठावन्न वर्षांची बाई जत्रेतून धावत सुटली. धावता धावता काय बोलायचं ते जुळवत होती. परशो, माजा चुकला. नको, आधी पाणी दी. नको, आधी पाया पड. तो धाकटो, तेच्या पाया कशी पडू? पडलंय तर पडलंय!

केंद्रात धनेश शाल आणि नारळ घेऊन उभा होता. सुपुत्र सापडला म्हणजे सत्कार हवाच.

"खंय आसा?" जानकीने दारातून विचारलं.

"येतोय, येतोय," धनेश म्हणाला. "मशीनने मेसेज पाठवलेत. फोटो अजून उघडत नाहीत, जत्रेत नेट जाम आहे. तुम्ही बसा."

शर्मिष्ठा आत्ताच चौथ्या दाराच्या बॅनर प्रकरणातून परत आली होती. केसांत धूळ, हातात सुतळी. तिने धनेशकडे असं बघितलं की त्याच्या हातातला नारळ खाली आला. "मला विचारल्याशिवाय माईकवर कोणी सांगितलं तुम्हाला?"

"एकाहत्तर टक्के आलेत ना!"

"मगे एकोणतीस टक्के कोण?" जानकीने विचारलं.

शर्मिष्ठा मेसेज वाचायला लागली. "नऊ दहा, दुसरं दार, एकाहत्तर टक्के. नऊ पंचवीस, ओटीची दुकानं, एकोणसत्तर. नऊ पन्नास, रांगेचं तोंड, त्र्याहत्तर."

जानकी खुर्चीवरून उठली. "मी पण थंयच होतंय."

"कुठे?"

"तेच वाटेन गेलंय मी. दुसऱ्या दारातसून, मगे ओटी घेतलंय, मगे रांगेत."

"अकरा चाळीस, खालचा रस्ता," शर्मिष्ठा वाचत होती आणि तिचा आवाज हळू होत चालला होता. "अकरा सेहेचाळीस, केंद्राचं दार. अठ्ठ्याहत्तर टक्के."

केंद्राचं दार म्हणजे हेच दार. जानकीने वळून बघितलं. दारात कोणी नव्हतं. उन्हाचा पट्टा, त्यात कोणाच्या तरी चपला, आणि पलीकडे खाज्याची गाडी.

आणि तिला सगळं समजलं. म्हणजे तिला तसं वाटलं.

"तो माज्या मागसून फिरता," ती म्हणाली. तिच्या हातातल्या ओटीतले तांदूळ सांडायला लागले. "सकाळपासून मागसूनच आसा. फुडे येना नाय. मीच तेका सांगललंय, तोंड दाखव नको म्हणान. म्हणान तो फुडे येना नाय!" ती दारात गेली, अंगणात गेली, शाळेच्या भिंतीमागे डोकावली. "परशो! अरे परशो! दाखव रे तोंड! मेल्या, येवढा काय मनार घेतंस? ये रे!"

जत्रेतली माणसं थांबून बघायला लागली. खाजेवाल्याने तराजू खाली ठेवला. जानकी कोणाही साठीच्या पुरुषाचा दंड धरून त्याला वळवत होती, तोंड बघत होती आणि सोडून देत होती. धनेश शाल घेऊन तिच्या मागे. त्याचा माईक त्याच्यापाशी होता, पण एकदासुद्धा त्याला बोलायचं सुचलं नाही.

"काकू," शर्मिष्ठाने आतून हाक मारली. मग तिची छापील मराठी सुटली. "काकी, हयसर येवा. फोटो उघाडता."

फोटो वरून खाली इंच इंच उघडत होता. आधी उन्हात पांढरा पडलेला मांडव. मग डोक्यावरचा हिरवा पदर. मग चष्मा. जानकीने स्वतःच्या डोक्यावरच्या हिरव्या पदराला हात लावला. मग नाक आलं, गालावरचे काळे डाग आले. शेवटी तोंड आलं. दुसऱ्या दाराशी उन्हाने डोळे बारीक करून, ओठ डाव्या कोपऱ्यात दाबून ती कॅमेऱ्याकडे वर बघत होती.

"ह्या मी," जानकी म्हणाली.

"होय." शर्मिष्ठाने दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. इकडे राणी, तिकडे जानकी. "मी पुरुष लिहिलं होतं. पण त्याला लिहिलेलं कळत नाही, दिसेल ते कळतं. नथ, कुंकू, नऊवारी. त्याने राणीचं वय वाढवलं आणि साठीची बाई शोधायला लागलं. भावंडांची हाडं सारखी असतात, काकी. तिथे तर भली भली मशिनं फसतात. चूक माझी. मी माफी मागते तुमची."

जानकीचं लक्ष नव्हतं. तिने आरशात तोंड कधी बघितलं? कुंकवापुरतं कपाळ, तेलापुरते केस. आपण हसताना ओठ कुठे दाबतो ते तिला आज अठ्ठावन्नाव्या वर्षी समजत होतं. आणि परशो राणी होऊन उभा राहायचा तेव्हा ती मान, तो पदर, ते हसणं त्याने कुठून आणलं होतं, तेही. जिची तिला लाज वाटली होती ती राणी म्हणजे ती स्वतःच होती.

"माका रेशनचो मोबाईल वळखना नाय," ती पुटपुटली, "आणि तुजी मशीन माका परशो म्हणता. खरा कोणाचा धरू?"

"कोणाचंच धरू नका," शर्मिष्ठा म्हणाली.

धनेश शाल घेऊन अवघडून उभा होता. सत्काराची शाल परत नेणं अपशकुनाचं, आणि दुसऱ्या कोणाला घालावी तर कोणाला? शेवटी त्याने ती जानकीच्या खांद्यांवर टाकली, नारळ तिच्या ओटीत ठेवला आणि पाठ करून नाक शिंकरलं.

घरी जायला दहा मिनिटं लागतात. जानकीला अख्खी दुपार लागली. वाटेत तिच्या ध्यानात आलं की कर्णा घरापर्यंत ऐकू जातो. सकाळी काकड आरती ऐकू जाते, मग धनेश नाही का जाणार?

गेलाच होता. आठ दिवस अंथरुणात पडलेली अक्का दारापुढच्या खळ्यात पाटावर बसली होती. न्हालेली, धुतलेलं लुगडं नेसलेली. बाजूला पाय धुवायला पाण्याची कळशी भरलेली. ती कशी भरली, कोणी उचलली, देवी जाणे. उन्हं कलली होती आणि अक्का कपाळावर हात धरून वाटेकडे बघत होती.

"इलंस?" ती म्हणाली. तिने जानकीच्या मागे बघितलं. मग आणखी मागे. "तो मागसून येता काय?"

जानकी पाटासमोर बसली. रस्त्याने जुळवलेलं एक वाक्य जाग्यावर राहिलं नव्हतं. "अक्का, तो गावलो नाय. मशीन चुकली. तिना माकाच धरल्यान. माज्या तोंडाक ती परशो म्हणता."

अक्काने हात लांब करून शालीची किनार चाचपली.

"ही शाल कोणाची?"

"परशोची," जानकी म्हणाली, आणि तिथे तिचा बांध फुटला. विहीर, कळशी, नवऱ्याकडचा काका, तोंड दाखव नको, सगळं. चौतीस वर्षांचं सगळं हुंदक्यांत अडकत, पुढचं मागे, मागचं पुढे होत बाहेर आलं. "मीच घालवलंय तेका अक्का. मी तुज्या झिलाक घालवलंय."

कोंबड्या खळ्यात आल्या आणि ओटीतून सांडलेले तांदूळ टिपून गेल्या. अक्का किनार चाचपत राहिली.

"माका ठावक आसा," ती म्हणाली.

जानकीने मान वर केली.

"जावच्या आदल्या दिसा चुलीकडे येवन बसलो. बोललो, अक्का, जानक्याक माजा तोंड नको झाला. मी म्हटलंय, बोलली आसतली रागान, उद्या इसारतली. तो हसलो."

"मगे तू माका कदी बोललंस नाय? चवतीस वर्सां?"

"बोलान काय करू?" अक्काचा आवाज एकदम चढला, जुना, खणखणीत. "एक तोंड गेला होता. दुसरा पण घालवू? तू सासरसून इलंस काय मी तुका दारात उबी करतंय, ता कित्याक वाटला तुका? खावक घालतत काय नाय ता बगूक?"

कौल उजवा की डावा, मशीन चुकलं की बरोबर होतं, परशो आहे की नाही, जानकीच्या डोक्यात सगळ्याच पाकळ्या एकदम पडल्या होत्या.

अक्काने तिचा चष्मा काढून बाजूला ठेवला, कळशीतलं पाणी ओंजळीत घेतलं आणि तिच्या डोळ्यांना लावलं. डोक्यावरचा पदर मागे सारला. मावळतीचा उजेड खळ्यात तिरपा आला होता.

"अशी ये. उजेडात," ती म्हणाली. "तोंड दाखव."

ती कोणाला म्हणाली, जानकीला की परशोला, ते जानकीला कळलं नाही. तिने डोळे पुसले आणि तोंड पुढे केलं.